कापसाच्या कडेने भेंडी लावली आणि तुडतुडे वाढले, मग मिश्रपिकाचा उपयोग काय?

सेलूकडच्या एका तरुण शेतकऱ्याने विचारलं आहे: "दोन बॅगा बियाण्याचा कापूस लावला. किडी कमी राहतील म्हणून चारी बाजूंनी भेंडी आणि मधेमधे चवळीची तासं (ओळी) घातली. भेंडीच्या कडेची पाच-सहा तासं तुडतुड्यांनी लाल पडली. आत चवळीच्या आजूबाजूला मावा मात्र फारसा दिसला नाही. शेजारचे काका म्हणतात, झाडं जास्त तेवढ्या किडी जास्त, धुरासुद्धा (शेताचा बांध) पेटवून टाक. खरं काय समजायचं?"

अर्धं उत्तर तुमच्या प्रश्नातच आहे. एकाच शेतात, एकाच पावसात, भेंडीकडे कीड वाढली आणि चवळीकडे कमी राहिली. तेव्हा शेतात झाडं किती प्रकारची आहेत हे मोजून काही कळत नाही. कोणतं झाड कोणत्या किडीचं काय लागतं आणि ते कोणत्या महिन्यात उभं आहे, एवढं बघायचं. परभणी, हिंगोली, नांदेड या पट्ट्यात कीड सर्वेक्षण आणि सल्ल्याचं काम करताना माझी तीसेक वर्षं गेली. त्यात मीही सुरुवातीला 'मिश्रपीक घ्या, किडी घटतील' असं सरसकट सांगत असे. आता सांगत नाही.

आधी भेंडीचं बघू. कापूस, भेंडी, अंबाडी ही एका कुळातली भावंडं. कापसावरचा तुडतुडा भेंडीवर तितक्याच सुखाने राहतो, वांग्यावरही राहतो. तुम्ही त्याला शेताच्या चारी अंगांनी दुसरं घर बांधून दिलंत. तो आधी भेंडीवर वाढला आणि भेंडी जून व्हायला लागली तसा शेजारच्या पऱ्हाटीवर, म्हणजे कापसाच्या झाडांवर, उतरला. भेंडीच्या फळात जी अळी दिसली असेल ती बहुधा ठिपक्यांची. बीटी कापसावर, म्हणजे अळीला मारणारं विष स्वतःच तयार करणाऱ्या वाणावर, ती टिकत नाही, तिला घाबरू नका. गुलाबी बोंडअळी मात्र भेंडीवरही जगते, तिची काळजी करा.

भेंडी हे सापळा पीक, म्हणजे किडीला मुख्य पिकापासून आपल्याकडे ओढणारं पीक, आहे असं पुस्तकात लिहिलेलं असतं आणि ते खोटं नाही. पण सापळा लावला की सकाळी उठून त्यातला उंदीर काढावा लागतो. किडकी भेंडी दर दोन-चार दिवसांनी तोडून पुरायची. पानामागे तुडतुडे दिसले की तेवढ्याच ओळीवर निंबोळी अर्क मारायचा. कापसाला बोंडं धरायच्या आत भेंडी उपटून शेताबाहेर काढायची. हे करायला माणूस नसेल तर भेंडी लावूच नका. सोडून दिलेलं सापळा पीक म्हणजे किडीची रोपवाटिका.

चवळीची गोष्ट उलटी आहे. चवळीवर येतो तो मावा काळा, कापसावरचा पिवळट-हिरवा. दोन्ही जाती वेगळ्या, चवळीचा मावा कापसावर वस्ती करत नाही. पण त्याला खाणारे ढालकिडे, क्रायसोपा हा जाळीदार पंखांचा हिरवा कीटक, सिरफिड माशीच्या अळ्या यांना काळ्या-हिरव्याचा विधिनिषेध नसतो. जुलैत कापूस वीतभर असताना त्यावर खायला काही नसतं, शिवाय बियाण्याला कंपनीने लावलेल्या औषधामुळे सुरुवातीचे काही आठवडे रसशोषक किडी कमीच असतात. त्या दिवसांत हे मित्रकीटक चवळीवर जेवतात, अंडी घालतात, पुढची पिढी तयार करतात. कापसावर मावा चढायला लागतो तेव्हा खाणारी तोंडं शेतात आधीच हजर असतात. चवळी नसती तर मावा आधी वाढला असता आणि ढालकिडे पंधरा दिवस मागून आले असते. त्या पंधरा दिवसांतच आपला माणूस पंप पाठीवर घेतो.

एकदा चवळीच्या तासात खाली बसून नीट बघा. फुलाच्या दांड्याच्या टोकाशी, फुलांच्या मधे, बारीक गाठी असतात आणि त्यांवर मुंग्या घुटमळताना दिसतात. त्या गाठींतून गोड रस पाझरतो. आता कापसाचं पान उलटं करा. मधल्या शिरेवर, देठापासून थोडं पुढे, तिळाएवढा खळगा दिसेल. सकाळच्या वेळी त्यात कधी कधी चकाकता थेंब असतो. फुलाशिवायचा मध म्हणा हवं तर. अळीच्या अंगात किंवा अंड्यात आपलं अंडं घालणाऱ्या ज्या बारीक गांधीलमाश्या असतात, त्यांना अळी लागते ती पोरांसाठी. स्वतःच्या पोटाला बहुतेकींना असला गोड रस किंवा फुलातला मध हवा. तो मिळाला तर त्या काही आठवडे जगतात, नाही मिळाला तर दोन-चार दिवसांत संपतात. तणनाशकाने घासून पुसून साफ केलेल्या शिवारात त्यांनी खायचं काय?

दर ऑगस्टात कुणीतरी पाण्याच्या बाटलीत 'नवीन कीड' घेऊन येतं. काळी, लांबट, पाठीवर नारिंगी ठिपके, सुसरीच्या पिल्लासारखी. पानावर खूप झाल्यात म्हणतात, कोणतं औषध मारू? ती ढालकिड्याची अळी असते, म्हणजे मावा खाणारी. एकाने तर चवळीवर काळा मावा बघून चवळीलाच फवारा मारला होता आणि मला फोन करून अभिमानाने सांगितलं की साहेब, चवळी स्वच्छ केली. ज्या तासावर सगळी भिस्त होती तेच तास त्याने धुऊन काढलं. पुढच्या तीन आठवड्यांत त्याला कापसावर दोनदा फवारावं लागलं.

किडीच्या बाजूनेही थोडा विचार करा. उडत आलेल्या किडीला शेत आपल्यासारखं दिसत नाही. वास, रंग, हिरवेपणा यांच्या अंदाजाने ती उतरते, पायांनी आणि सोंडेने पानाची चव घेते, आपलं झाड असेल तर बसते, नसेल तर पुन्हा उडते. दहा एकर नुसता कापूस असेल तर जिथे उतरेल तिथे ताट वाढलेलं. मधे ज्वारी, तूर, मूग असतील तर चार वेळा चुकीच्या पानावर उतरून ती कंटाळून दुसरीकडे जाऊ शकते. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात रिचर्ड रूट यांनी कोबीच्या कुळातल्या एका पालेभाजीवर यासाठी प्रयोग केला आणि १९७३ मध्ये तो छापला. नुसती ती भाजी लावलेल्या वाफ्यांत पानांना भोकं पाडणारे भुंगेरे खूप झाले, आजूबाजूला रानगवत असलेल्या ओळींत कमी झाले. त्यांनी दोन कारणं मांडली. एक, एकाच जागी भरपूर अन्न असलं की ते खाणारी कीड तिथे येऊन टिकते. दोन, मिश्र झाडोऱ्यात किडीचे शत्रू जास्त असतात. त्यांच्या शेतात पहिलं कारण जड निघालं. तेव्हापासून पन्नास वर्षं लोक या दोन कारणांवर भांडताहेत. मला विचाराल तर आपल्या कापसात मावा असेल तर दुसरं कारण चालतं, आणि भुंगेऱ्यांसारखी एकाच कुळावर जगणारी कीड असेल तर पहिलं.

पुढे १९९१ मध्ये डेव्हिड अँडो यांनी जगभरातले २०९ अभ्यास एकत्र करून किडींच्या २८७ जातींचा हिशोब मांडला. मिश्र पिकात ५२ टक्के जाती कमी झाल्या, १५ टक्के जाती वाढल्या, उरलेल्यांचं काही ठरत नव्हतं किंवा फरकच नव्हता. वाढलेल्यांत अनेक पिकांवर चरणाऱ्या किडी जास्त होत्या. तुमच्या काकांचं म्हणणं या १५ टक्क्यांत बसतं. तुमचा तुडतुडाही त्यातच.

घाटेअळीचं उदाहरण मला सगळ्यात शिकवून गेलं. ही कापसावर हिरवी बोंडअळी, तुरीवर शेंगा पोखरणारी, हरभऱ्यावर घाटेअळी, ज्वारीच्या कणसावरही तीच. चारही पिकं मराठवाड्याच्या एकाच गावात असतात. आपल्याकडे तिफणीमागे सरतं धरून ज्वारीत तुरीचं तास पाडायची जुनी पद्धत, मग वाटतं की ज्वारीवर वाढलेले मित्रकीटक तुरीवर येतील आणि तूर वाचेल. हैदराबादजवळ पाटणचेरूच्या इक्रिसॅट या पीक संशोधन संस्थेत हे तपासलं गेलं तेव्हा निराळंच दिसलं. ज्वारीच्या कणसावरच्या घाटेअळीच्या अंड्यांत ट्रायकोग्रामा ही अंड्यात अंडं घालणारी बारीक गांधीलमाशी भरपूर, शेजारच्याच तुरीवर जवळपास नाही. तुरीच्या चिकट लवेवर त्या सुईच्या टोकाएवढ्या माशीला चालताच येत नाही. त्यात ज्वारी कापली जाते तेव्हा तूर फुलायची असते. म्हणजे मित्र एका झाडावर, गरज दुसऱ्या झाडावर, आणि दोघांची वेळही जुळत नाही. ट्रायकोकार्ड, म्हणजे ट्रायकोग्रामा असलेलं कार्ड, आणून तुरीला टाचणारे शेतकरी मी पाहिले आहेत. कार्ड दुकानदाराने दिलेलं असतं, त्याला काय सांगायचं.

तरी तुरीत ज्वारी असावीच असं मी म्हणतो, कारण वेगळं आहे. तुरीच्या बियाण्यात मूठभर ज्वारी मिसळून पेरली की विखुरलेल्या ताटांवर कोतवाल आणि साळुंक्या येऊन बसतात, आणि बसलेला पक्षी नुसता बसत नाही, खालची अळी उचलतो. लाकडी पक्षीथांबे रोवायला लोक आळस करतात. ज्वारीचं ताट आपोआप उगवतं. तुडतुड्यांना नाही, पण अळ्यांना हा उपाय लागू पडतो.

हरभऱ्याचं झाड स्वतःच आंबट घाम गाळतं, पहाटे त्यात चालून आलेल्याची चप्पल पांढरी पडते. त्या आंबामुळे बऱ्याच किडी आणि ट्रायकोग्रामाही दूर राहतात. पण लहान घाटेअळीत अंडं घालणारी कॅम्पोलेटिस नावाची माशी हरभऱ्यात चांगली काम करते. तिला मध लागतो आणि हरभऱ्याच्या फुलाचं तोंड तिच्यासाठी बंद असतं. धन्याची छत्रीसारखी फुलं उघडी, बारीक माशीला सहज पोचता येणारी. म्हणून हरभऱ्यात धन्याचं एखादं तास घाला, घरच्या कोथिंबिरीचीही सोय होते. मात्र धने असे पेरा की घाटे धरायच्या सुमाराला ते फुलोऱ्यात असतील. आधीच फुलून वाळले तर नुसती शोभा. पांढरे कोष हरभऱ्याच्या फांदीला चिकटलेले दिसले की समजा, तिचं काम चालू आहे. ते कोष किडीचे समजून चिरडू नका.

आफ्रिकेत हेच तंत्र जास्त शहाणपणाने वापरलं गेलं. ज्वारीचा खोडकिडा आशियातून तिकडे गेला आणि मक्यावर माजला. केनियातल्या इसिपे या कीटक संशोधन संस्थेने मक्याच्या ओळींत डेस्मोडियम नावाची शेंगवर्गीय वेल लावली, तिच्या वासाने पतंग दूर जातात. शेताच्या कडेला नेपियर गवत लावलं, तिथे पतंग अंडी घालतात पण अळ्या फारशा वाढत नाहीत. शिवाय डेस्मोडियममुळे टारफुला हे पिकाच्या मुळांवर जगणारं तणही दबतं. तिथे दोन झाडं निवडली, दोघांना ठरलेलं काम दिलं. वीस प्रकारची झाडं लावली नाहीत.

आता धुरा. पेटवू नका, पण तसाच सोडूही नका. धुऱ्यावर काय आहे ते आधी बघा. गाजरगवत आणि पेटारी असेल तर ती काढायचीच. २००६ नंतर पिठ्या ढेकणाने कापसाला जेरीस आणलं तेव्हा तो उन्हाळ्यात याच दोन झाडांवर तगून राहत होता. मे महिन्यात गाजरगवत उपटून बांधावरच टाकून दिलं तर वाळत चाललेल्या झाडावरचा ढेकूण चालत चालत शेतात येतो, तेव्हा उपटलेलं गोळा करून जाळा किंवा खोल पुरा. सूर्यफूल आणि भुईमुगावर जो नेक्रोसिस रोग येतो त्याचा विषाणूही गाजरगवतात बिनबोभाट राहतो. फुलकिडे त्याच्या परागकणांसकट तो पसरवतात. लातूर-धाराशिवकडचं सूर्यफूल घटलं त्याला भाव आणि पाऊस ही कारणं होतीच, त्यात या रोगाचाही वाटा होता.

पण एकदांडी, घोळ, तरवड, कुर्डू यांनी तुमचं काय बिघडवलं? एकदांडीच्या पिवळ्या फुलावर सकाळी नऊच्या सुमारास पाच मिनिटं थांबलात तर माश्या आणि बारीक गांधीलमाश्या येताना दिसतील. तीळ तर बांधावर जरूर टाका. चीन, थायलंड आणि व्हिएतनाममध्ये भाताच्या बांधांवर तिळासारखी मधाची झाडं लावून मोठी चाचणी झाली, तिचे निकाल २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले: कीटकनाशकाच्या फवारण्या ७० टक्क्यांनी घटल्या आणि उत्पादन ५ टक्क्यांनी वाढलं. तिथली कीड भातावरची होती, आपली कापसावरची, तेव्हा तोच आकडा इथे मिळेल असं धरून चालू नका. तत्त्व मात्र तेच. तिळाचा मध मित्राला उपयोगी पडला, किडीच्या पतंगांना तितका नाही. बांधावर फूल निवडताना हाच प्रश्न विचारायचा.

झाडांचंही तसंच. बोर, बाभूळ, कडुनिंब धुऱ्यावर हवेतच, पण हुमणीचे भुंगेरे वळवाच्या पहिल्या चांगल्या पावसानंतर संध्याकाळी जमिनीतून निघून याच झाडांवर येतात, पाला खातात, तिथेच जुगतात आणि मग जमिनीत अंडी घालतात. वसमतकडची हळद, ऊस, सोयाबीन, सगळ्यांच्या मुळ्या पुढे त्यांच्या अळ्या खातात. झाडं तोडली तर भुंगेरे शिवारभर पांगतील. ठेवली तर ते कुठे आणि किती वाजता भेटतील ते तुम्हाला माहीत असतं. अंधार पडला की खाली जुनी धोतरं अंथरायची, फांदी काठीने हलवायची आणि पडलेले भुंगेरे रॉकेलच्या पाण्यात टाकायचे. आठवडाभर चार घरांनी मिळून केलं तर फरक दिसतो. एकट्याने करून फारसं हाती लागत नाही.

एकट्याने न भागणारी दुसरी कीड गुलाबी बोंडअळी. तुम्ही तुमच्या दोन बॅगांत काहीही लावा, शिवारभर कापूस असेल तर तिचा पतंग शेजारून येतोच. तिला रोखायला झाडांचे प्रकार वाढवून उपयोग नाही, काही महिने शिवारात कापूसच नसणं लागतं. फेब्रुवारी-मार्चपर्यंत पाणी देऊन फरदड, म्हणजे वेचणीनंतरही उभा ठेवलेला कापूस, ठेवणारा एक शेतकरी अख्ख्या गावाची अळी पोसतो. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने कापसाचं जे नुकसान केलं ते आठवत असेल. बीटीच्या बॅगेबरोबर बिगर-बीटी सरकीची १२० ग्रॅमची पुडी यायची, तीही एक प्रकारची विविधताच होती. बीटीच्या विषाला न सरावलेल्या अळ्यांसाठी राखलेली जागा. बहुतेकांनी ती पुडी बांधावर फेकली. तूर हिरव्या बोंडअळीसाठी अशी जागा होऊ शकते, गुलाबी मात्र तुरीला तोंड लावत नाही.

खर्चाचं बोलायला हवं. मधे लावलेलं पीक पाणी आणि जागा खातं. ५५२ प्रयोगांचा एकत्रित आढावा २०११ मध्ये निघाला, त्यात किडी आणि नुकसान कमी दिसलं तरी मुख्य पिकाचं उत्पादन थोडं घटलेलं आढळलं, कारण त्याची रोपंच कमी झाली होती. म्हणून हलक्या, मुरमाड रानात दाट आंतरपीक घेऊ नका.

तुमच्या दोन बॅगांसाठी यंदा मी असं करेन. भेंडी बंद. कडेने मका किंवा ज्वारीची दोन तासं, बाहेरून वाऱ्याबरोबर येणाऱ्या किडीला आडोसा होतो. कापसाच्या आठ-दहा तासांमागे चवळीचं एक तास, झुडपी वाण, वेल जाणारा नको. कापसाबरोबरच पेरायची, नंतर नाही. सहा-आठ तासांमागे तुरीचं तास तुमच्याकडे घालतच असाल, ते राहू द्या. धुऱ्यावर तीळ आणि दहा-वीस एरंड. एरंडाच्या पानावर स्पोडोप्टेरा या पानं खाणाऱ्या किडीच्या अळ्यांनी पापुद्रा केलेला दिसला की ते पान अळ्यांसकट तोडून घ्यायचं. शेजारी सोयाबीन असेल तर त्यालाही याचा उपयोग होतो.

पहिले दोन महिने विषारी फवारा टाळा. मोजून बघा: शेतात तिरपं चालत वीस झाडांची वरची, मधली, खालची अशी तीन-तीन पानं उलटी करायची. पानामागे सरासरी दोन-तीन तुडतुडे होईपर्यंत पंप घरात राहू द्या. आणि मोजताना तुडतुड्यांबरोबर ढालकिडे, क्रायसोपाची देठावरची अंडी, कोळी हेही वहीत लिहा. काकांना घेऊन जा शेतात. चवळीच्या तासाला लागून असलेली दहा झाडं आणि तासापासून दूरची दहा झाडं, दोघांनी मिळून मोजा, आणि ती वही मला पाठवा.